पान्याचं चित्र असलेलं पोर्ट

रात्रीचे दोन चाळीस. जानेवारीची थंडी, अंगावर दोन गोधड्या, आणि उशाशी फोन वाजायला लागला.

"सायेब, काटा बंद पडलाय. स्लिप निघंना. रांग पार पुलाच्या पुढं गेलीया."

फोन वजनकाट्यावरच्या रात्रपाळीच्या क्लार्कचा. त्यांना सगळा कारखाना आप्पा म्हणतो, मीही म्हणतो. मी कोल्हापूरकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात ईडीपी विभागात आहे. बाहेरच्या जगात या खात्याला आयटी म्हणतात, आमच्याकडे दारावरची पाटी अजून ईडीपीच आहे. ही गोष्ट 2022-23च्या गळीत हंगामातली.

काटा बंद पडणं म्हणजे काय, हे ज्यांनी केन यार्ड, म्हणजे उसाच्या गाड्या थांबतात ते आवार, पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. उसाची प्रत्येक गाडी दोनदा काट्यावर येते, भरलेली आणि रिकामी. दोन वजनांतला फरक शेतकऱ्याच्या खात्यावर पडतो. 1966च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून 14 दिवसांत त्याचे पैसे द्यायचे असतात, आणि ते सगळं या एका वजनावरून मोजलं जातं. वजन नोंदवून स्लिप काढणारा सर्व्हर बंद झाला की हातानं पावत्या लिहायच्या, सकाळी त्या परत कॉम्प्युटरला चढवायच्या, आणि एखादा आकडा चुकला की भांडण. तोडलेला ऊस उभ्या गाडीत वाळतो, वजन घटतं, आणि ते नुकसान ज्याचा ऊस त्याचं. त्यामुळे रांगेतला ट्रॅक्टरवाला शिव्या देतो त्या मी मनावर घेत नाही.

त्या रात्री मी आप्पांना फोनवरच म्हटलं, "आत जा, मशीनचं बटण दाबा." आत रॅकमध्ये दोन सर्व्हर, एकसारखे, एकावर एक. आप्पांनी बटण दाबलं, आणि हिशेब विभागाचा चांगला चाललेला सर्व्हर सभ्यपणे बंद झाला. आता दोन्ही बंद. चौदा किलोमीटर मोटारसायकल हाणत, उसाच्या ट्रॅक्टरांच्या मधून वाट काढत पोहोचलो, दोन्ही चालू केले. काट्याचा सर्व्हर गुमान सुरू झाला, जणू काही झालंच नव्हतं. लिनक्सचा लॉग पाहिला. दोन तेहतीसपर्यंत नेहमीच्या नोंदी, त्यानंतर थेट पुन्हा बूट झाल्याच्या. मध्ये ना एरर, ना इशारा. मरणारा माणूस बोलता बोलता थांबावा तसा.

आठ दिवसांत ही तिसरी वेळ होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांकडे उत्तर तयार होतं. इलेक्ट्रिकल विभाग म्हणाला यूपीएस. सर्व्हर पुरवणाऱ्या एजन्सीनं मदरबोर्ड म्हटलं आणि तासाभरात कोटेशनही पाठवलं. चीफ इंजिनिअर म्हणाले, खोलीचा एसी लहान पडतोय, दुसरा बसवा. एसीची फाईल तर निघालीसुद्धा. माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून मी रॅकच्या मागे जाऊन वायरी मोजत बसलो. तिथे ते दिसलं. नेटवर्कच्या चार पोर्टांपासून जरा वेगळं, एकटं एक पोर्ट, वर पान्याचं चित्र कोरलेलं, आणि तोंडाला कंपनीतून आलेलं प्लॅस्टिकचं बूच अजून तसंच. चार वर्षं झाली होती मशीन बसवून.

ते बीएमसीचं पोर्ट. बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. सर्व्हरच्या बोर्डावर एक छोटा, स्वतंत्र कॉम्प्युटर असतो. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, नेटवर्कचा पत्ता वेगळा. मोठं मशीन बंद असलं तरी पॉवर केबल लावलेली आहे तोवर हा जागा असतो. पंखे, व्होल्टेज, तापमान यांच्यावर नजर ठेवतो, जे बिघडेल ते आपल्या वहीत लिहितो, आणि सांगितलं तर मोठ्या मशीनला चालू-बंदही करतो. डेल याला आयड्रॅक म्हणते, एचपीई (एचपीची सर्व्हर कंपनी) आयएलओ, लेनोवो एक्सक्लॅरिटी कंट्रोलर. सुपरमायक्रोवाले सरळ आयपीएमआय म्हणून मोकळे होतात, कारण बोलायची मूळ भाषा तीच. इंटेल, एचपी, एनईसी आणि डेल यांनी मिळून ती 1998मध्ये आणली, 2004मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली, आणि 2015पासून तिच्या जागी रेडफिश नावाची नवी रीत येते आहे. हे सगळं मला तोंडपाठ होतं. परीक्षेत विचारलं असतं तर दहापैकी दहा. केबल मात्र लावली नव्हती.

लावली. पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता, ज्यानं मशीन बसवलं तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला. पण इथे एक सोय आहे. मशीनवर लिनक्स चालू असेल आणि तुमच्याकडे रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी युजरचा, हक्क असेल, तर आयपीएमआयचे ड्रायव्हर लोड करून आतूनच बीएमसीशी बोलता येतं. तिथे पासवर्ड विचारत नाहीत. आयपीएमआयटूल नावाच्या प्रोग्रामनं नवा पासवर्ड टाकला, आयपी पत्ता दिला. रीबूट लागलं नाही, बाहेर गाड्या तुलत होत्या त्या तुलत राहिल्या.

पहिला मोह झाला तो राऊटरवर वाट काढून बीएमसीचं वेबपान घरून उघडायचा. नशिबानं तसं केलं नाही. आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीत एक जुनं, मुळातलंच दुखणं आहे. खरं युजरनेम सांगून लॉगिनची नुसती सुरुवात केली, तरी मशीन त्या युजरच्या पासवर्डाचा हॅश, म्हणजे त्यावरून बनवलेली सांकेतिक खूण, परत पाठवतं, मग घरी बसून तो फोडत बसायचं. 2013मध्ये यावर बराच गाजावाजा झाला होता. आणि हा छोटा कॉम्प्युटर ज्याच्या हातात, मोठाही त्याच्याच हातात. म्हणून त्याच्यासाठी वेगळं व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा वेगळा कप्पा, केलं, बाहेरून यायचं तर व्हीपीएनच्या सुरक्षित बोगद्यातूनच.

मग वही उघडली. सिस्टम इव्हेंट लॉग.

शेवटची नोंद नोव्हेंबर 2020ची.

मला वाटलं वाचायला चुकलो. पुन्हा काढली. एकूण नोंदी 512, मोकळी जागा शून्य. या वहीची पानं मोजकीच असतात, एक नोंद 16 बाइटची, आणि आमच्या मशीनमध्ये जुनं खोडून नवं लिहायची सोय चालू नव्हती. वही भरली, लेखन थांबलं. कशानं भरली? एकाच रडगाण्यानं. "पॉवर सप्लाय 2, वीज गेली." "पॉवर सप्लाय 2, वीज आली." सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय, पैकी एक यूपीएसवर आणि दुसरा भिंतीच्या साध्या बोर्डावर. हंगामात आमची वीज बाहेरच्या लाईनवरून कारखान्याच्या टर्बाइनवर आणि टर्बाइनवरून परत लाईनवर जात-येत असते. प्रत्येक अदलाबदलीला दोन ओळी. पुढच्या पट्टीवरचा पिवळा दिवाही त्याच कारणानं पहिल्या हंगामापासून लुकलुकायचा, त्यामुळे तो लुकलुकणारच, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. मीसुद्धा.

त्या पाचशे बारा ओळींत सात-आठ ओळी वेगळ्या होत्या. मेमरीच्या एका स्लॉटवर ईसीसी एरर, दुरुस्त होणारी. सर्व्हरची रॅम एखादा बिट उलटा झाला तर स्वतःच सुधारून घेते आणि नोंद करते, दोन बिट एकदम गेले तर मात्र सुधारता येत नाही आणि मशीन आडवं होऊ शकतं. झालं, मला चोर सापडला. लॉगची प्रत काढून ठेवली, वही पुसली, आणि जनरल क्लीनिंगसाठी गाळप थांबलं त्या दिवशी मशीन उघडून संशयित रॅमची पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये आणि तिथली इकडे अशी अदलाबदल केली. ही जुनी युक्ती आहे. एरर पट्टीबरोबर गेली तर पट्टी खराब, जागेवर राहिली तर स्लॉट किंवा प्रोसेसरची बाजू. एरर कुठेच आली नाही. मी खुशीत अहवाल लिहिला, "रॅमचा कॉन्टॅक्ट सैल होता, बसवला." जनरल मॅनेजरांनी पाठ थोपटली.

चौथ्या दिवशी रात्री दोन पस्तीसला फोन.

यावेळी घरूनच व्हीपीएन लावला आणि अंथरुणात बसून बटण न दाबता मशीन चालू केलं. आप्पांनी फोनवर विचारलं, "कोण आलंय आत?" तो आनंद पाच मिनिटं टिकला. मग वही पाहिली. नव्या कोऱ्या वहीत तीन ओळी. पहिला प्रोसेसर, तापमान मर्यादेच्या वर. पहिला प्रोसेसर, थर्मल ट्रिप. पॉवर बंद. वेळ रात्रीचे 21:02.

नऊ वाजून दोन मिनिटांनी? पण साडेनऊला, साडेदहाला, बाराला स्लिपा निघाल्या होत्या, मी स्वतः डेटाबेसमध्ये पाहिल्या. नऊला बंद झालेलं मशीन बाराला वजन कसं करतं? सकाळपर्यंत मी या ओळी कुठल्यातरी वेगळ्याच घटनेच्या समजून डोकं खाजवत होतो. चहा पिताना लक्षात आलं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. 21:02मध्ये साडेपाच तास मिळवा. 2:32. बीएमसीचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर होतं. वही पुसली तेव्हा घड्याळ लावून घ्यायला एक ओळीचा आदेश पुरला असता.

तर मदरबोर्ड नाही, यूपीएस नाही, रॅमही नाही. उष्णता. चीफ इंजिनिअर म्हणाले, "मी काय सांगत होतो? एसी." फाईल पुढे सरकली.

मी त्या रात्री सर्व्हरच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो. नुसता लॉग नको, सेन्सरची चालू यादी हवी, दर दहा सेकंदांनी. लॉग घडून गेलेलं सांगतो, आणि तेही कुठलीतरी मर्यादा ओलांडली तरच. यादीत मर्यादेच्या आतली धुसफुसही दिसते.

दोनला दोन मिनिटं कमी. आत शिरणाऱ्या हवेचं तापमान 23. पहिला प्रोसेसर 74, दुसरा 57. पाच पंखे सात हजारांच्या आसपास, आणि चौथा 2,640 फेरे. तो लाल अक्षरांत होता. तो किती दिवस लाल होता देव जाणे. वही भरलेली असताना पडला असणार, आणि नंतर मी वही पुसली तरी आधीच पडलेल्या पंख्याची नोंद पुन्हा आपोआप होतेच असं नाही.

दोनच्या ठोक्याला डेटाबेसचा बॅकअप सुरू झाला. फाईल दाबून लहान करायचं काम, प्रोसेसरचे सगळे कोअर कामाला. पहिला प्रोसेसर 81. पंखे चढायला लागले, नऊ हजार, अकरा हजार, तेरा हजार. चौथा जिथल्या तिथे. खोलीत बोललेलं ऐकू येईना. दोन सहाला 88. दोन अकराला 94. दुसरा प्रोसेसर तेव्हा फक्त 66 आणि आत येणारी हवा अजून 23. मी बॅकअप थांबवला. आकडा घसरत दहा मिनिटांत परत सत्तरीत.

मागे दारात आप्पा उभे होते, हातात चहाचे दोन कप.

"ह्योच आवाज. मी म्हणलं हुतं न्हवं तुमास्नी? पंधरा दिस झालं, दोन वाजलं की आत पिठाची गिरण सुरू हुती."

म्हणाले होते. पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, आणि मी "हो हो, बघतो" म्हणून पुढे गेलो होतो.

एसी दोषी असता तर आत येणारी हवा गरम दिसली असती आणि दोन्ही प्रोसेसर बरोबरीनं तापले असते. एकच तापतोय म्हणजे त्याच्या एकट्याच्या वाटेत काहीतरी आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी हातपावत्यांची आधीच तयारी करून चाळीस मिनिटं मागून घेतली. यावेळी बटणाचा घोळ नको म्हणून बीएमसीमधून निळा ओळखदिवा लुकलुकता केला. एका आदेशात होतं, समोर आणि मागे दोन्हीकडे दिवा लागतो. हे मला पहिल्या रात्री सुचलं असतं तर हिशेबवाल्यांची रात्र वाचली असती.

झाकण काढलं. वरून सगळं बऱ्यापैकी स्वच्छ, म्हणूनच रॅम बदलताना काही दिसलं नव्हतं. त्या दिवशी मी प्रोसेसरांवरचं हवा वळवणारं काळं प्लॅस्टिक रॅमपुरतं उचलून लगेच परत बसवलं होतं. आता ते पूर्ण काढलं. पहिल्या प्रोसेसरच्या हीटसिंकला, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना, पुढच्या बाजूनं एक चादर चढली होती. करड्या-पिवळ्या रंगाची, बोटानं धरून उचलली तर अखंड निघाली, तळहाताएवढी, जाड घोंगडीच्या तुकड्यासारखी. जवळून पाहिलं तर तिच्यात बारीक सोनेरी कुसं. बगॅस. ऊस पिळून उरलेला भुसा आमच्या यार्डात डोंगरासारखा पडलेला असतो आणि वाऱ्यावर त्याची रुंवं सगळीकडे फिरतात, चहात पडतात, डोळ्यांत जातात. एसीची पाईप जिथून भिंतीतून आत येते तिथे बोटभर फट होती. चौथा पंखा ओढून काढला. आसाभोवती तीच कुसं सुतासारखी गुंडाळलेली आणि तेलकट होऊन घट्ट बसलेली. हातानं फिरवला तर अर्ध्या फेऱ्यात थांबला.

हीटसिंक काढून बाहेर व्हरांड्यात नेला, ब्रश आणि ब्लोअरनं साफ केला. पंखे ब्लोअरखाली धरताना पातं बोटानं अडवून धरायचं. मोकळं सोडलं तर हवेच्या झोतानं ते भलत्या वेगानं फिरतं आणि बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी लावली. नवा पंखा पुण्याहून यायला दोन दिवस लागणार होते. तोवर सहाव्या जागेचा चांगला पंखा चौथ्या जागी घातला आणि आजारी पंखा सहाव्या जागी, तिथे मागे फक्त रिकामे कार्ड स्लॉट होते. पाईपच्या फटीत एम-सील. अडतिसाव्या मिनिटाला काटा चालू.

त्या रात्री बॅकअप पूर्ण चालला. पहिला प्रोसेसर 67च्या वर गेला नाही. पंखे साडेआठ हजारांवर थांबले. आप्पांनी मुद्दाम फोन करून सांगितलं की आज गिरण बंद आहे.

एसीची फाईल चेअरमनसाहेबांच्या टेबलावरून परत आणायला मला रॅमच्या अहवालाचं उत्तर द्यावं लागलं. दिलं. ती घोंगडी मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फाईलला टाचली होती, त्यामुळे बोलणं फार लांबलं नाही. मदरबोर्डचं कोटेशन अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

बाकीची कामं हळूहळू केली. घड्याळ एनटीपीवर, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप वेळ जुळवून घेण्यावर, लावलं. दुसरा पॉवर सप्लाय दुसऱ्या यूपीएसवर घेतला, त्यामुळे ते रडगाणं बंद झालं आणि पिवळा दिवाही विझला. आता तो लागला की कारण असतं. वही पाऊणशे टक्के भरली की प्रत काढून पुसायची, हे महिन्याच्या कामांत लिहिलं. ईमेलचे इशारे लावले. ते चाचणीत जायचे आणि प्रत्यक्षात जायचे नाहीत. दोन दिवस मेल सर्व्हरला शिव्या दिल्यावर कळलं की बीएमसीला डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणाऱ्या सर्व्हरचा, पत्ताच दिलेला नव्हता, चाचणी मी आयपी टाकून केली होती. दूरचा पडदा, म्हणजे सर्व्हरचा स्क्रीन आपल्या कॉम्प्युटरवर, उघडायला बीएमसीच्या जुन्या फर्मवेअरला (आतल्या सॉफ्टवेअरला) जावा लागायचं आणि नवे ब्राउझर ते चालवू द्यायचे नाहीत. एक जुना लॅपटॉप तेवढ्यासाठी सांभाळला आणि फर्मवेअर बदलायचं काम हंगाम संपेपर्यंत, मार्चअखेरपर्यंत, ढकललं. गाळप चालू असताना फर्मवेअरला हात लावणारा माणूस एकतर फार हुशार असतो किंवा त्याच्याकडे दुसरी नोकरी असते. एकदा बीएमसीच अडकला, पान उघडेना. त्याला एकट्याला रीसेट करता येतं, मोठं मशीन चालूच राहतं, हे मी वाचलं होतं. तरी एंटर दाबताना दुपारची वेळ निवडली आणि काट्यावर फोन करून "दोन मिनिटं गाडी घेऊ नका" म्हणालो. काही झालं नाही. दीड मिनिटात तो परत आला, काट्याला पत्ताही नाही.

पुढच्या हंगामात, डिसेंबरात, रात्री एक पन्नासला मोबाइलवर ईमेल आली. आत येणारी हवा 33 अंश, मर्यादेच्या वर. उघडून पाहिलं, दर पाच मिनिटांनी एक अंश चढत होतं. प्रोसेसर दोन्ही बरोबरीनं तापत होते, पंखे सगळे सारखे. यावेळी खरंच एसी. काट्यावर फोन लावला.

"आप्पा, एसी बंद पडलाय का?"

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही.

"पडला न्हाई सायेब. म्याच बंद केलाय. दाराच्या फटीतनं समदं गार वारं माझ्या पायावर येतंय. हिकडं आदीच थंडी किती हाय."

चालू करायला सांगितला. वीस मिनिटांत हवा 25वर आली आणि मी मोबाइल उशाखाली सरकवला. दुसऱ्या दिवशी काट्याच्या केबिनसाठी एका हीटरची मागणी टाकली. एसीची फाईल दोन दिवसांत चेअरमनसाहेबांपर्यंत गेली होती. हीटरची अजून खरेदी विभागात आहे.